फाळाची झीज आणि पोलादाची जात

उन्हाळी नांगरट सुरू झाली की परभणी जिल्ह्यातील गावोगावच्या लोहाराच्या भात्यापुढे फाळ, वखराच्या पासा आणि कोळप्याची पाती यांची रांग लागते. आता या रांगेत ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे फाळही येऊन बसले आहेत. एकाच शिवारात, सारख्याच खोलीवर चालविलेल्या दोन फाळांपैकी एक चार दिवसांत बोथट होतो आणि दुसरा हंगामभर धार धरून राहतो, हा अनुभव शेतकऱ्यांना नवीन नाही. त्याचे कारण शेतकरी कधी जमिनीला देतो, कधी लोहाराच्या हाताला. या दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. परंतु तिसरे आणि पुष्कळदा सर्वांत मोठे कारण फाळाच्या लोखंडातच दडलेले असते. त्या लोखंडात कोणते पदार्थ किती प्रमाणात मिसळले आहेत आणि ते तापवून थंड करताना त्याच्या आतील कणांची रचना कशी झाली आहे, यावर झीज अवलंबून असते.

बोथट फाळाची किंमत केवळ नव्या फाळाच्या दामाने मोजून चालत नाही. बोथट फाळ जमीन धरत नाही, वर उसळतो. खोली राखण्यासाठी नांगऱ्याला रुमण्यावर भार द्यावा लागतो आणि बैलांची ओढ वाढते. ट्रॅक्टर असेल तर डिझेल वाढते. ओलसर काळ्या जमिनीत बोथट फाळ तास कापण्याऐवजी तळाची माती दाबून चोपडी करतो आणि मुळांना खाली उतरणे जड जाते. पेरणीच्या ऐन घाईत अवजार लोहाराकडे अडकून पडले तर वापसा निघून जातो आणि ते नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. म्हणून फाळ घेताना केवळ वजन आणि रंग पाहण्याऐवजी त्याच्या धातूची जात ओळखणे शेतकऱ्यांच्या हिताचे आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाही हे ज्ञान असणे अगत्याचे आहे.

झीज म्हणजे काय

कितीही गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला तर त्यावर डोंगर आणि दऱ्या दिसतात. दोन धातू एकमेकांवर टेकले असता ते सर्व पृष्ठभागावर टेकत नाहीत. केवळ शिखरे शिखरांना भिडतात. केंब्रिजच्या बोडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. साऱ्या भाराचा दाब त्या थोड्या शिखरांवर येतो, तेथे धातू दबतो आणि दोन्ही शिखरे एकमेकांना घट्ट चिकटतात. पुढे सरकताना हे सांधे तोडावे लागतात. ते तोडण्यास लागणारे बळ म्हणजे घर्षणाचा मोठा भाग होय, आणि तुटताना एका धातूचा कण दुसऱ्यावर जाऊन बसतो किंवा सुटा पडतो, ती झीज होय. १९५३ साली आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने झिजेचा एक सोपा हिशेब मांडला. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट, घसरण्याचे अंतर दुप्पट झाले तर झीज दुप्पट, आणि झिजणाऱ्या धातूची कठिणता दुप्पट झाली तर झीज निम्मी. प्रत्यक्षात हा हिशेब सर्वत्र तंतोतंत जुळत नाही. परंतु दिशा दाखविण्यास तो पुरेसा आहे.

शेतीच्या अवजारांत झीज दोन प्रकारची आढळते. पहिली खरवडण्याची : मातीतील कठीण कण फाळावर कानशीसारखे फिरतात आणि त्याच्या अंगातून बारीक बारीक चऱ्या काढतात. दुसरी चिकटून उपटण्याची : गाडीचा आस बुशात फिरतो किंवा इंजिनाचा दांडा आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो, तेथे धातूवर धातू घासतो. या दोन्ही प्रकारांवर उपाय निरनिराळे आहेत. पहिल्यात कठीण धातू हवा. दुसऱ्यात बहुधा एक कठीण व एक मऊ अशी जोडी हवी. हा भेद ध्यानात न घेता सर्वत्र ‘जितके कडक तितके चांगले’ असा नियम लावल्याने पुष्कळ खर्च वाया जातो.

आपल्या जिल्ह्याची जमीन

परभणी जिल्ह्याची माती काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत ती खोल व चिकट आहे. उत्तरेस जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाच्या उतारावर ती उथळ, मुरमाड व दगडगोट्यांची आहे. कठिणता मोजण्यासाठी मोहस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली सुचविलेली दहा पायऱ्यांची पट्टी आजही वापरली जाते. तिच्यावर चिकणमातीचे कण पहिल्या-दुसऱ्या पायरीवर येतात. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे तिसऱ्या पायरीवर, खडकातील फेल्डस्पार सहाव्या आणि गारगोटी सातव्या पायरीवर असते. साधे मऊ लोखंड सुमारे चौथ्या-पाचव्या पायरीवर आणि उत्तम कडक केलेली कानस साडेसहाच्या आसपास असते.

यावरून एक गोष्ट उघड होते. निव्वळ काळी चिकणमाती किंवा चुनखडी फाळाला फारशी खात नाही. फाळ खातो तो खडकाचा चुरा, वाळू आणि गारगोटी. दोन पदार्थांपैकी एकाने दुसऱ्यावर ओरखडा काढायचा तर तो दुसऱ्यापेक्षा सुमारे १.२ पट कठीण असावा लागतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून फाळाची कठिणता मातीतील कणांच्या कठिणतेच्या जवळ नेऊन ठेवली की झीज एकदम खाली येते. त्याखालील पातळीवर कठिणता थोडीफार वाढविली तर लाभही थोडाच होतो. जिंतूरच्या मुरमाड जमिनीत फाळाला झीज आणि ठोकर अशी दुहेरी मार असते, तर दुधनाकाठच्या खोल जमिनीत झीज कमी आणि माती चिकटण्याचा त्रास अधिक असतो. दोन्हीकडे एकच फाळ उत्तम ठरेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

लोखंडाच्या जाती आणि त्यांची आतील रचना

लोखंडात कार्बन किती आहे यावर त्याची जात ठरते. शेकडा पाव भागापेक्षा कमी कार्बन असलेले ते मऊ लोखंड. बांधकामाच्या सळ्या व पट्ट्या बहुधा याच वर्गातील असतात. शेकडा ०.३ ते ०.६ पर्यंत मध्यम पोलाद आणि शेकडा ०.७ ते ०.९ पर्यंत अवजारांचे कडक पोलाद. शेकडा ३ च्या पुढे गेले की ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड होते. कार्बनची ही मात्रा ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु शंभर किलोमागे सुमारे एका किलोच्या फरकाने खिळ्याचे लोखंड कानशीचे पोलाद होते.

शेफील्डच्या हेन्री सॉर्बी या गृहस्थाने १८६३ च्या सुमारास पोलाद घासून, आम्लाने किंचित खाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा प्रथमच आतील रचना दृष्टीस पडली. मऊ लोखंडात बहुतेक सर्व कण जवळजवळ शुद्ध लोहाचे असतात. त्यांना फेराइट म्हणतात आणि त्यांची कठिणता विकर्स मापाने १०० च्या आसपास असते. कार्बन वाढला की लोह व कार्बन यांचे अत्यंत कठीण संयुग, सिमेंटाइट, तयार होते. फेराइट व सिमेंटाइट यांचे बारीक थर एकाआड एक बसले की त्यास पर्लाइट म्हणतात. शिंपल्याच्या आतील बाजूसारखी चमक दिसते म्हणून हे नाव पडले. पर्लाइटची कठिणता २५० च्या आसपास भरते. हेच पोलाद लाल तापवून झटकन विझविले तर कार्बनला थर करून बसण्यास अवधी मिळत नाही. तो लोहाच्या जाळीत अडकून राहतो आणि सुईसारख्या कणांची मार्टेन्साइट ही रचना होते. हिची कठिणता ७०० ते ९०० पर्यंत जाते. गारगोटीची कठिणता याच मापाने १००० च्या पुढे आहे. म्हणजे एकाच पोलादाचा फाळ नुसता घडून ठेवला तर २५० आणि योग्य पाणी पाजले तर ७०० च्या वर. हा फरक पैशाने विकत घ्यावा लागत नाही, भात्यापुढेच मिळतो.

मात्र त्यासाठी मुळात कार्बन असावा लागतो. मऊ लोखंडाची पट्टी कितीही वेळा तापवून पाण्यात बुडविली तरी ती म्हणावी तशी कडक होत नाही, कारण अडकून बसण्यास कार्बनच पुरेसा नसतो. बाजारात काळा रंग देऊन मांडलेले स्वस्त फाळ पुष्कळदा या जातीचे असतात.

बिडाची गोष्ट वेगळी आहे. त्यात कार्बन इतका असतो की तो सर्व लोहात मावत नाही. सिलिकॉन शेकडा २ च्या आसपास असून बीड सावकाश थंड झाले तर जादा कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि तोडल्यावर अंग करडे दिसते. झटकन थंड झाले तर सर्व कार्बन सिमेंटाइटमध्येच राहतो आणि अंग पांढरे, काचेसारखे कठीण व तितकेच ठिसूळ होते. इंग्लंडातील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली या गुणाचा चतुराईने उपयोग केला. फाळाच्या साच्याची खालची बाजू लोखंडी व वरची बाजू वाळूची ठेवून त्याने ओतकाम केले. लोखंडाला टेकलेली खालची बाजू झटकन थंड होऊन पांढरी व कठीण झाली; वरची करडी व मऊ राहिली. शेतात वरची बाजू आधी झिजे आणि खालचा कठीण पापुद्रा धारेसारखा पुढे राही. उंदराचे दात जसे झिजता झिजताच धारदार राहतात, तसा हा फाळ आपली धार आपणच लावून घेई.

महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष बाधेल या समजुतीने आरंभी तो कोणी घेईना. १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिल्यावर मात्र त्या नांगरांचा प्रसार झाला. ओतीव फाळाचा लाभ आणि त्याचे वैगुण्य, दोन्ही तेव्हापासून आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत : निर्मळ काळ्या जमिनीत तो सुरेख टिकतो, दगडाला लागला की टवका उडतो आणि तो लोहाराला जोडता येत नाही. जिंतूर आणि गंगाखेडच्या दगडाळ जमिनीत म्हणून पोलादी फाळच घ्यावा.

पोलादात कार्बनखेरीज इतर धातूही मिसळतात. मँगॅनीज, क्रोमियम आणि सिलिकॉन यांमुळे पोलाद अधिक खोलवर कडक होते. बोरॉन तर लाखात दोन-चार भाग असले तरी तेच काम करते. रोटाव्हेटरची व पलटी नांगराची पाती आता बोरॉन पोलादाची मिळतात, ती याच कारणाने. यांचा विशेष असा की कार्बन फारसा न वाढविता कठिणता मिळते आणि पाते ठोकरीला तुटत नाही. परंतु अशी पाती कारखान्यातच नेमक्या उष्णतेवर कडक केलेली असतात. ती भट्टीत घातली की तो गुण नष्ट होतो. म्हणून बोरॉनची पाती धार गेल्यावर बदलावीत, घडवू नयेत.

हॅडफील्डने १८८२ साली शोधलेल्या मँगॅनीज पोलादाची कीर्ती मोठी आहे. त्यात शेकडा १२ भाग मँगॅनीज व १.२ भाग कार्बन असतो. हे पोलाद आरंभी मऊ असते, परंतु ठोसे बसतील तसतसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. खडी फोडण्याच्या यंत्राच्या जबड्यांस ते फारच उपयुक्त आहे. त्यावरून काही ठिकाणी ते अवजारांसाठीही सुचविले जाते. खोल काळ्या जमिनीत फाळाला ठोसे बसतच नाहीत, तो केवळ घासला जातो. तेव्हा हे पोलाद कडक न होता मऊच राहून झिजते. तेथे त्याला जादा दाम मोजणे व्यर्थ आहे.

गोदावरीच्या खोऱ्यात, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील निजामाबादजवळ कोनासमुद्रम येथे मुशीत पोलाद करणारे कारागीर होते, आणि त्यांच्या पोलादासाठी इराणचे व्यापारी येत असत. त्यात शेकडा दीडच्या आसपास कार्बन असे. म्हणजे कार्बनचे मर्म या खोऱ्यातील कारागिरांना हाताने ठाऊक होते. त्याचे माप तेवढे नव्हते.

लोहाराच्या भात्यापुढे

अनेक लोहार ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून पास व फाळ घडवितात. ही निवड उत्तम आहे. या पाट्याच्या पोलादात साधारणतः शेकडा ०.५ ते ०.६ कार्बन असून सिलिकॉन व मँगॅनीज किंवा क्रोमियम असते. सळई किंवा साध्या पट्टीचा फाळ स्वस्त पडला तरी घेऊ नये. जात ओळखायची असेल तर तुकडा चक्रावर घासून ठिणग्या पाहाव्यात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ व थोड्या फुटणाऱ्या असतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या आखूड असून फुलबाजीसारख्या दाट फुटतात. शेजारी ओळखीच्या पोलादाचा तुकडा, उदाहरणार्थ जुनी कानस, घासून तुलना केली म्हणजे फसगत होत नाही.

फाळ शेवटून घेताना होणारे दोष बहुधा उष्णतेचे असतात. घडताना टोक पांढरे होऊन त्यातून तारे उडू लागले तर पोलाद जळाले असे समजावे. तेवढा भाग तोडून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. न जळताही फार वेळ फार तापविल्यास दोन अपाय होतात. आतील कण मोठे होऊन पोलाद ठिसूळ बनते आणि पृष्ठभागावरील कार्बन हवेने जळून जाऊन वरचा थर मऊ लोखंडाचा होतो. नेमका तोच थर मातीशी घासणार असतो! घडाई झाल्यावर अंगावरील काळी खपली व तो मऊ थर घासून काढावा.

कडक करण्यासाठी किती तापवावे हे डोळ्यांनी ठरविणे कठीण असते, कारण उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि सावलीत गडद. येथे साधा लोहचुंबक उपयोगी पडतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकाकडे ओढले जाणे थांबते. टोक तापवीत असता तारेला बांधलेला चुंबक मधून मधून लावून पाहावा. तो चिकटेनासा झाला की आणखी किंचित, म्हणजे ८०० अंशांच्या आसपास, तापू द्यावे आणि विझवावे. कमानीच्या पोलादाला याहूनही थोडी अधिक, उजळ लाल होईपर्यंत, उष्णता लागते. भट्टी सावलीत असावी. केवळ धारेकडील दोन-तीन बोटे रुंदीचा भाग तापवावा. सर्व फाळ कडक केला तर दगडाला लागून मधूनच मोडेल. साध्या कार्बन पोलादाला पाणी चालते. कमानीच्या पोलादाला तेल वापरावे, पाण्यात त्याला तडे जाण्याचा संभव असतो.

विझविलेला फाळ तसाच शेतात नेऊ नये. मार्टेन्साइट कठीण असते, पण ताणलेले व ठिसूळ असते. त्यास पुन्हा थोडी उष्णता देऊन हा ताण उतरवावा लागतो. धारेजवळचा भाग दगडाने घासून चकचकीत करावा आणि फाळाच्या मागील बाजूने सावकाश ऊब द्यावी. चकचकीत भागावर प्रथम फिका पिवळा रंग चढतो, तो सुमारे २३० अंशांचा. मग तपकिरी, २५५ च्या आसपास. त्यानंतर जांभळा, २८० च्या सुमारास, आणि पुढे निळा, ३०० अंशांजवळ. खोल काळ्या, बिनदगडी जमिनीसाठी तपकिरी रंगावर थांबावे. मुरमाड जमिनीसाठी जांभळा किंवा निळा येऊ द्यावा. थोडी कठिणता जाते, पण टोक तुटत नाही. पाहिजे तो रंग धारेवर आला की लगेच विझवावे. जुने जाणते लोहार हे रंग ओळखतात. नव्या मुलांना मात्र ते कोणी शिकविले नसतील तर कार्यकर्त्यांनी एखाद्या जाणत्या लोहाराकडून प्रात्यक्षिक घडवून आणावे. हाच रंग नको तेथेही दिसतो. वीजेच्या चक्रावर धार लावताना कड निळी पडली तर तेथील कडकपणा उतरला असे समजावे. चक्रावर फाळ अलगद धरावा व वरचेवर पाण्यात बुडवावा.

झीज फार असेल तेथे धारेवर कठीण धातूची कड चढविण्याची रीतही आहे. शेकडा २५ ते ३० भाग क्रोमियम असलेले वेल्डिंगचे खास रॉड मिळतात. त्यांच्या थरात क्रोमियम कार्बाइडचे कण असतात आणि त्यांची कठिणता गारगोटीपेक्षाही अधिक असते. हा थर दोन्ही बाजूंना देणे हा पैशाचा अपव्यय होय. रॅन्समच्या फाळाप्रमाणे तो केवळ खालच्या बाजूस, कडेलगत, पातळ द्यावा, म्हणजे वरचे मऊ पोलाद झिजून धार राहते. कडक पोलादावर थेट वेल्डिंग केल्यास शिवणीलगत तडे जातात. म्हणून तो भाग आधी चांगला गरम करून घ्यावा आणि नंतर राखेत सावकाश निवू द्यावा. दगडाळ जमिनीत हा थर टवके उडून निघून जातो. तेथे ही रीत फायद्याची ठरेलच असे नाही.

चिकट मातीचा प्रश्न

खोल काळ्या जमिनीत झिजेपेक्षा चिकटण्याचा ताप मोठा. अर्धवट ओलाव्यात माती फाळावर व पंख्यावर बसते आणि मग मातीवर माती घासू लागते. यातही धातूच्या रचनेचा संबंध आहे. अमेरिकेत इलिनॉयच्या चिकट कुरणजमिनीत ओतीव नांगर चालेनात, तेव्हा जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ साली मोडक्या करवतीच्या पोलादाचा गुळगुळीत नांगर केला आणि माती सुटू लागली. करड्या बिडाच्या पृष्ठभागावर ग्रॅफाइटच्या जागी बारीक खळगे पडतात व त्यांत माती धरते. कडक पोलादाला चकाकी चढते आणि ती टिकते, कारण त्यावर खोल ओरखडे पडत नाहीत. गंज मात्र कोणत्याही पोलादाची ही चकाकी एका पावसाळ्यात नाहीशी करतो. हंगाम संपताच पंखा धुऊन, पुसून त्यावर ग्रीस किंवा इंजिनाचे जुने तेल फासून ठेवावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि तेच सर्वांत अधिक टाळले जाते.

आस, बुश आणि बेअरिंग

बैलगाडीचा आस मऊ पोलादाचा व त्यावर फिरणारा बुश बिडाचा, ही जोडी जुन्या अनुभवातून ठरलेली आहे आणि शास्त्रालाही मान्य आहे. बिडातील ग्रॅफाइट स्वतः वंगणाचे काम करते आणि त्याच्या खळग्यांत ग्रीस साठून राहते. हल्ली बुश झिजला की लोखंडी पाइपाचा तुकडा ठोकून बसविण्याची रीत पडली आहे. ही रीत सोडावी. सारख्याच जातीचे दोन धातू एकमेकांस लवकर चिकटतात. वंगण थोडे कमी पडताच आसावर ओरबाडे उठतात आणि दोन्ही भाग एकदम खराब होतात.

कांशाचा बुश, म्हणजे तांब्यात शेकडा १० च्या आसपास कथील व थोडा फॉस्फरस असलेला, पंपास व चरकास उत्तम. त्यात मऊ अंगात कठीण कण विखुरलेले असतात. पंपाचे पाणी गढूळ असेल तर एक विचित्र गोष्ट दिसते : मऊ बुश शाबूत राहतो आणि कठीण दांडाच झिजतो. याचे कारण वाळूचे कण मऊ बुशात रुतून बसतात आणि कानशीप्रमाणे दांड्याला खातात. अशा वेळी केवळ दांडा बदलून उपयोग नाही. वाळू येण्याचे थांबविले पाहिजे व रुतलेला बुशही बदलला पाहिजे. गाडीच्या आसावर धुळीने माखलेल्या ग्रीसवरच नवे ग्रीस घालणे म्हणजे हीच कानस तयार करणे होय. आधी पुसावे, मग घालावे.

डिझेल इंजिनाच्या काही बेअरिंगमध्ये पांढऱ्या धातूचा थर असतो. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली ही मिश्रधातू काढली. तिच्या एका प्रचलित प्रकारात कथील शेकडा ८९, अँटिमनी ७ ते ८ आणि तांबे ३ ते ४ भाग असते. सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कथिलाच्या अंगात कठीण चौकोनी कण दिसतात. भार हे कण पेलतात, आणि भोवतालचे मऊ अंग किंचित दबून तेलाला जागा देते व बारीक कचरा गिळून टाकते. तेल तुटले तर २४० अंशांच्या सुमारास हा धातू वितळू लागतो आणि स्वतः वाहून जाऊन महागडा क्रँक वाचवितो. जुना पांढरा धातू वितळवून त्यात शिसे भरीस घालून पुन्हा ओतण्याचे काम काही ठिकाणी चालते. शिसे वाढले की थर भार पेलत नाही. ओतणाऱ्याकडून धातूची जात लिहून घ्यावी.

इंजिनाचा सिलिंडर करड्या बिडाचा असतो, तोही ग्रॅफाइटच्याच गुणामुळे. त्याचा खरा शत्रू एप्रिल-मे महिन्यांतील धूळ होय. हवेच्या गाळणीतील तेल धुळीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी पाहावे. नवे बेअरिंग बसविल्यावर पहिले काही तास इंजिन हलक्या भारावर चालवावे, म्हणजे शिखरे एकमेकांना न उपटता सावकाश बसतात. त्यानंतर तेल काढून पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरावे आणि तळाशी चुंबक फिरवावा. चुंबकाला लागणारा काळा गाळ सिलिंडर किंवा कड्यांच्या लोखंडाचा, रुपेरी चमक पांढऱ्या धातूची आणि पिवळसर कण कांशाच्या बुशाचे. पहिल्या तेलात थोडी चमक आली तर चिंता नसावी. तीच चमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तेलात वाढत गेलेली दिसली तर हंगामाची वाट न पाहता इंजिन उघडून पाहावे.